खुंटीवरचा नवरा

आमच्या घरात नवरा खुंटीला टांगलेला असे. बैठकीत शिरलं की समोरच्या भिंतीवर, सारंगीच्या शेजारी, लाल फडक्यात गुंडाळलेली कट्यार दिसायची. तिच्याशी केसरमावशीचं रीतसर लग्न लागलं होतं. हळद, अक्षता, वाजंत्री, सगळं झालं होतं, फक्त मुंडावळ्या मुठीला बांधल्या होत्या. नायकिणीच्या घरची रीतच तशी. माणसाशी लग्न लावायचं तर आधी माणूस मिळायला हवा, आणि मिळालाच तर तो उद्या मरतो, पळतो, नाहीतर दुसरी आणतो. कट्यारीचं तसलं काही नाही. ती जेवायला मागत नाही, हात उगारत नाही, आणि मुख्य म्हणजे मरत नाही. म्हणून केसरमावशी जन्माची सवाष्ण. दर दसऱ्याला ती नवऱ्याला खाली काढायची, तेलाचा हात फिरवायची, कुंकू लावायची आणि पुन्हा टांगायची. माझी सून हे ऐकून म्हणते, "माय, एवढी चांगली रीत बंद काहून केली?" माझा मुलगा तिथंच बसलेला असतो.

घर अमरावतीला, कापसाच्या बाजाराच्या मागल्या अंगाला. घराची धनीण मोठीबाई. अंगानं जाडजूड, दातांना काळी मिस्सी, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी बैल बिचकावा. तिनं केसरमावशीला वाढवलं, माझ्या आईला वाढवलं, आणि आई गेल्यावर मलाही वाढवलं. आमच्यात रक्ताचं नातं कुणाचं कुणाशी नव्हतं, पण चुलीवरून भांडण मात्र सख्ख्यासारखं व्हायचं. माझं काम पाणी भरायचं, पानं पुसायची, भाकरीचं पीठ मळायचं. सकाळी मोठीबाई ओसरीवर बसून तबलजीला शिव्या घालायची, आत केसरमावशी गळा घासायची, आणि शेजारच्या घरातून कापूस पिंजल्या-सरकी काढल्याची कुरकुर चालूच असायची. त्या वर्षांत कापूस कुठं नव्हता ते विचारा. पिंजलेले पुंजके खिडकीतून यायचे, वरणात पडायचे, सारंगीच्या तारांत अडकायचे. केसरमावशी तान घेता घेता शिंकायची आणि समोरचे लोक तीही एक हरकत समजून मान डोलवायचे. एकदा एका दलालानं शिंकेलाच वाहवा दिली होती.

सातासमुद्रापलीकडे गोऱ्यागोऱ्यांत जुंपली होती म्हणे, आणि त्यांचा कापूस अडला म्हणून आमचा वऱ्हाडचा वर गेला. एवढंच मला तेव्हा कळत होतं आणि खरं सांगायचं तर आजही त्यापेक्षा जास्त कळत नाही. पण डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. ज्याच्या घरी दोन वेळा कण्या शिजत त्याच्या घरी गव्हाचे रोडगे भाजू लागले. बैलांच्या गळ्यात चांदीच्या घुंगरांच्या माळा आल्या. लोक सांगतात, गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या होत्या. मी तरी पाहिल्या नाहीत, आणि आमच्या गल्लीत गाडी सोडून आत न आलेला गाडीवान फार थोडा होता. चांदीची चाकं असती तर मोठीबाईनं एखादं तरी काढून ठेवलं असतं.

मोठीबाईची अक्कल कुठं चालायची ते सांगते. बाजारातले दलाल मुंबईहून येणाऱ्या तारेकडे डोळे लावून बसत. मोठीबाई कापसाचा भाव कधीच विचारत नसे. खेड्यातून आलेला शेतकरी पायातलं काढून आत आला, पान तोंडात गेलं, की ती विचारायची, "तुमच्याकडं देज काय चाललं हो सध्या?" देज म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला मोजायची रक्कम. कुणब्याच्या घरी पोरगी म्हणजे कापूस वेचणारे दोन हात. कापसाला भाव आला तसा त्या हातांना आला. बाप पोरी द्यायला तयार होईनात, द्यायच्या तर मागतील ते मागू लागले, आणि बिचारे पंचविशी-तिशीचे बाप्ये खिशात पैका असून चुलीशी एकटे बसू लागले. ते उठून कुठं येणार? आमच्याकडे. देज चढलं की मोठीबाई बैठकीचे पैसे चढवायची, उतरलं की उतरवायची. कापूस कुठं का जाईना, तिचा हिशोब कधी चुकला नाही.

"लगन म्हंजे ठोक माल," ती मला पानाला चुना लावता लावता सांगायची, "अन् आपलं किरकोळ. ठोक महाग झालं की गिऱ्हाईक किरकोळीकडं येते. पन ध्यानात ठेव गोदे, घेते दोघं बी एकच जिन्नस, अन् दोन्ही दुकानांत बाईले इचारत कोनी नाही." मी लहान होते, मला वाटायचं ती सुपारीबद्दल बोलतेय. लग्न होऊन वर्ष झालं तेव्हा उलगडलं.

पुढच्या दारानं नवरे यायचे आणि मागच्या दारानं त्यांच्या बायका. हे काही माझं चावटपण नाही, खरंच यायच्या. नव्या नवरीच्या गळ्यात पडायची काळी पोत नायकिणीच्या हातून ओवून घेतली की तिचं सौभाग्य टिकतं, असं आमच्या भागात मानत. जिचा नवराच मरत नाही तिचा हात लागला पाहिजे. सकाळी सडासंमार्जनाच्या वेळी परसाच्या दाराशी दोघी-तिघी डोक्यावरचा पदर ओढून उभ्या राहायच्या. पानाच्या द्रोणात काळे मणी, दोरा, वर खण-नारळ. आमच्या सतरंजीवर त्या बसत नसत, आमच्या घरचं पाणी पीत नसत, पण पोत घेताना केसरमावशीच्या पाया पडत. केसरमावशी अंघोळ करून ओल्या केसांनी बसायची आणि एकेक मणी ओवायची. त्या तेजीत लग्नं एवढी निघाली की तिच्या बोटांना घट्टे पडले. लांब नांदगाव खंडेश्वराकडच्या बायासुद्धा बाजाराच्या गाडीत बसून यायच्या. त्यातल्या कितीजणींचे बाप्ये आदल्या दिवशी पुढच्या दारानं येऊन गेलेत ते आम्हाला ठाऊक असायचं, आणि त्यांनाही. कुणी चकार शब्द काढत नसे.

त्याच भागातला उकर्डा एका हंगामात आमच्याकडे आला. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या काहींचे नातू आता मोठ्या पगडीचे झालेत. उकर्डा उंच, हाडापेराचा, काळ्या मातीचं चांगलं शेत असलेला कुणबी. आईबाप गेलेले, भाऊ नाही. चाळिशीला टेकलेला, आणि तेव्हाचं देज ऐकून लग्नाची आशा सोडलेला. पहिल्या दिवशी तो बैठकीत आला, पैसे ठेवले, आणि केसरमावशीनं गाणं सुरू करताच डुलक्या घेऊ लागला. मोठीबाई चिडली. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "गानं चांगलं हाये बाई, पन माह्या पोटात काही नाही. भाकर भेटन काय?" नायकिणीच्या बैठकीत भाकर मागणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहिला. केसरमावशी इतकी हसली की सारंगीवाल्यानं सारंगी खाली ठेवली. तिनं स्वतः उठून ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि अंबाडीची भाजी वाढली. त्यानं पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"भाजीत मीठ जास्त झालं," तो म्हणाला.

झालं, तिथंच केसरमावशी गेली. लोक म्हणतात रूप पाहून, पैसा पाहून, गोड बोलणं ऐकून बाई भुलते. आमची मावशी मिठावर भुलली. उकर्डा मग कापसाच्या दर गाडीला यायचा. गाणं नाही की काही नाही, बसून शेताच्या गोष्टी सांगायचा, पाऊस किती पडला, बोंडं किती फुटली. एकदा आमची बाज ढिली झालेली पाहून त्यानं दिवसभर बसून ती नव्यानं विणून दिली, आणि बैठकीचे पैसे द्यायचे ते दिलेच. मोठीबाई म्हणाली असं खुळं गिऱ्हाईक तिनं जन्मात पाहिलं नाही. पण तिला काळजी लागली, मला दिसत होतं. तिशी ओलांडली तरी केसरमावशी घराचा खांब होती.

मी मावशीला एकदा विचारलंच, त्याच्यात काय आहे म्हणून. ती निवडत होती ते तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, "गोदे, इथं माह्या भाजीले कोनी नाव ठेवत नाही. पैसे देऊन आलेला मानूस नाव कायले ठेवीन? सारे वाहवा करतेत अन् उठून घरी जातेत, अन् घरी जाऊन बायकोच्या भाजीले नाव ठेवतेत. मले ते पायजे. मले नाव ठेवनारा पायजे, अन् त्याले परत चार शब्द सुनवाले मिळाले पायजे." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते तांदळाच्या कोंड्यावर ढकललं.

उकर्ड्यानं मोठीबाईकडे रीतसर मागणी घातली. कुणब्यांत विधवेचा किंवा सोडलेल्या बाईचा दुसरा विवाह होतो, त्याला पाट म्हणतात. त्याला केसरमावशीशी पाट लावायचा होता. मोठीबाईनं ऐकून घेतलं, पान थुंकलं आणि म्हणाली, "देज काय देतं?"

"बाई, देज द्यायले पैसे असते तं तुमच्या घरी आलो असतो काय?"

मोठीबाईला हसू आवरेना. तरी ती कच्च्या गुरूची चेली नव्हती. ती म्हणाली, "जा लेका. देज बी नको मले. तुह्या जातीच्या पंचांनी पाट मान्य केला तं घेऊन जा तिले, संगं या पोरीले बी ने. नाही केला तं पुन्हा हे नाव काढू नको." केसरमावशीनं अट मान्य केली. मोठीबाईला पक्कं ठाऊक होतं की पंच मान्य करणं शक्य नाही. पण तशी परत आलेली केसरमावशी पुन्हा पहिल्यासारखी गाईल का, याचा तिनं विचार केला होता की नाही, ते मला सांगता येत नाही.

आम्ही गाडीनं निघालो. केसरमावशीनं साधं हिरवं लुगडं नेसलं होतं, हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. मोठीबाई, मी, आणि लाल फडक्यातला नवरा, कारण पंचांनी निरोप पाठवला होता की नवरा हजर करा. मोठीबाई वाटभर त्याला मांडीवर घेऊन बसली होती. गाडीला खड्डा लागला की ती म्हणायची, "सांभाळून रे, जावई हाये संगं."

मारुतीच्या पारावर पंच बसले. मधे गावचा पाटील, गलमिशावाला, शब्द तोलून बोलणारा. जातीचा प्रश्न आधीच मिटला होता. उकर्ड्यानं गावजेवण कबूल केलं होतं आणि गव्हाचे रोडगे, वांग्याची भाजी, तुपाची धार म्हटल्यावर पंचांना जातीत बरीच जागा सापडली. अडलं ते पुढं. पाट लावायचा तर बाई विधवा असली पाहिजे नाहीतर नवऱ्यानं चारचौघांत काडी मोडून तिला सोडलेली असली पाहिजे. केसरमावशी विधवाही नव्हती आणि सोडलेलीही नव्हती.

मोठीबाईनं फडकं सोडलं आणि कट्यार पारावर ठेवली. पाटलानं खाकरून विचारलं, "हा नवरा कोनाच्या वळखीचा हाये काय?"

पंचांतले निम्मेअधिक खाली बघू लागले. एक म्हातारा, ज्याला कमी ऐकू यायचं म्हणून तो मोठ्यानं बोलायचा, म्हणाला, "वळखीचा कसा नाही? त्याच्यासमोरच तं बसत होतो आपन!" कुणीतरी त्याला कोपर मारलं.

खल बराच झाला. कट्यार काडी कशी मोडणार? एकजण म्हणाला, तिच्या पात्याखाली काडी ठेवून दाबा, म्हणजे तिनंच मोडली असं होईल. दुसरा म्हणाला, एवढं कायले, दगडावर आपटून पातंच मोडून टाका, नवरा मेला, बाई विधवा झाली, पाट लावायला मोकळी. पाटलाला हे पटलं. त्यानं दगड आणायला सांगितला.

तेवढ्यात विहिरीकडून बायांचा लोंढा आला, आणि पुढं पाटलीण. घागर तशीच काखेत. "खबरदार कोनी हात लावला तं! माह्या दोन्ही पोरींच्या गळ्यात हिच्या हातची पोत हाये. ही विधवा झाली तं माह्या जावयांचं काय? तुमी देनार काय जबाब?" मागच्या सगळ्या ओरडू लागल्या. प्रत्येकीची कुणी ना कुणी लेक, सून, भाची निघाली. पाटील म्हणाला, बरं, मारत नाही, काडीमोड करतो. तर पाटलीण म्हणे, टाकलेल्या बाईच्या हातची पोत आमच्या पोरींच्या गळ्यात? ते तर आणखीच अशुभ. पाटलाचा तोल गेला. तो ओरडला, "पन तुमी नायकिनीच्या घरी गेल्ताच काहून?"

"तुमी काहून गेल्ते?" पाटलीण म्हणाली.

मला आजही ती पाटलीण डोळ्यांसमोर दिसते, घागरीतलं पाणी तिच्या लुगड्यावर सांडत होतं आणि तिला भान नव्हतं. पाटलानं मिशीवरून हात फिरवला, खाली बघितलं आणि निकाल दिला. नवरा मारायचा नाही, काडी मोडायची नाही. म्हणजे बाई लग्नाचीच आहे, आणि लग्नाच्या बाईचा पाट लागत नाही. आपला नवरा उचला आणि घरी जा.

मोठीबाई जिंकली होती. एक पै न घालवता, पंचांच्याच तोंडून. केसरमावशी पुढं झाली, कट्यार उचलली, लाल फडक्यात नीट गुंडाळली, कडा आत खोचली. तिनं दर दसऱ्याला केलं होतं तसंच. मग उकर्ड्याकडे न बघता मला म्हणाली, "चाल गोदे." उकर्डा हातात विड्याचं ताट घेऊन तसाच उभा होता, कुणाला द्यावं त्याला कळत नव्हतं. मला रडू फुटलं. मला त्या गावात राहायचं होतं, तिथं पारामागं चिंचेचं झाड होतं आणि कुणी मला पानं पुसायला सांगितली नव्हती.

मोठीबाईनं गाडीच्या चाकावर पाय ठेवला. मी तिला खालून हात दिला. ती चढेना. तशीच उभी राहिली, मग पाय खाली घेतला, आणि पाराकडे वळून म्हणाली, "हा तिचा नवरा नोय."

पाटलानं मान वर केली.

"हा बाजारातून आनलेला हाये. मूठ बी कथलाची. असली मूठ चांदीची होती, वर मोर, अन् त्या मोराचा एक डोया फुटका. त्याले म्या इकला." ती केसरमावशीकडे बघत नव्हती. "लगन लागलं त्या सालीच, इवलीशी असतानी, हिले देवी आल्या होत्या. ताप उतरेना, घरात दाना नाही, गिऱ्हाईक दारात पाय ठेवाले भेत होतं. एक जन आला. म्हने, पोरगी वाचो न वाचो, तशीच इकत दे, मी नेतो. इकाले घरात दोनच जिनसा होत्या, ही नाहीतं हिचा नवरा. म्या नवरा इकला. दुसऱ्या दिवशी फिरत्या सोनाराले दिला, तो कुठी गेला, मले ठाव नाही."

केसरमावशीच्या हातातून फडकं पडलं. "म्हंजे एवढे दसरे म्या कुंकू कोनाले लावलं?"

"लोखंडाले," मोठीबाई म्हणाली. "पहिले बी लोखंडालेच लावत होती."

केसरमावशी धावली ती मोठीबाईला मारायलाच. दोन्ही मुठींनी तिच्या त्या जाड खांद्यांवर धपाधप मारत राहिली आणि मोठीबाई उभी राहून मार खात राहिली. मग मारता मारता कधी गळ्यात पडली कळलं नाही. मोठीबाईला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. रडताना तिच्या डोळ्यांतलं काजळ ओघळलं आणि पांढऱ्या लुगड्यावर डाग पडला, त्यावरून तिनं लगेच रडणं थांबवून एक शिवी दिली.

पंचांची मात्र कळी खुलली. पाटील पुढं सरकून बसला. "म्हंजे नवरा परागंदा हाये!"

"हाव."

"कैक वर्सांपासून ठिकाना नाही?"

"नाही."

"पन जिता हाये?"

"कट्यार हाये बाप्पा," मोठीबाई म्हणाली. "मरन कशी?"

नवरा परागंदा होऊन वर्षानुवर्षं पत्ता नसला तर बाईचा पाट लावायला आमच्याकडे जुनी मुभा आहे. पाटलानं बायांकडे बघितलं. पाटलिणीनं घागर या काखेतून त्या काखेत घेतली, विचार केला आणि म्हणाली, "जिता हाये ना? मंग पोती सलामत. लावा पाट." केसरमावशीची पोत ओवायला तिथं दुसरी नायकीण कुठली, मोठीबाईनंच पारावर बसून ओवली. मणी दोनदा सांडले. जेवण झालं, रोडगे चांगले होते, वांग्याच्या भाजीत मीठ कमी पडलं, आणि ते पहिल्यांदा उकर्ड्यानं नाही, केसरमावशीनं सांगितलं.

मोठीबाई एकटीच गाडीत बसून अमरावतीला परत गेली. कथलाची कट्यार तिनं सोबत नेली, रिकामी खुंटी वाईट दिसते म्हणाली.

पुढं ती लढाई मिटली, कापूस धाडकन खाली आला, आणि बैलांच्या गळ्यातली चांदीची घुंगरं एकेक करून सोनाराकडे गेली. मोठीबाई आम्हाला भेटायला आली तेव्हा तिनं सवयीनं विचारलं, देज काय चाललं. उतरलं म्हणून सांगितल्यावर ती म्हणाली, "मंग आता दुकान बंद करावं लागते." उकर्डा कधी चिडला की केसरमावशीला म्हणायचा, दोन वर्षं थांबलो असतो तर कवळी नवरी स्वस्तात मिळाली असती. ती हातात असेल ते फेकायची, लाटणं असो की मुसळ. त्यांच्या भांडणाचा आवाज पारापर्यंत जायचा. तिच्यात एक बदल मात्र झाला. अमरावतीला ती त्याला खुशाल "उकर्डा, उकर्डा" म्हणून हाका मारायची. पाट लागल्यावर तिनं त्याचं नाव घेणं सोडलं. "अहो, आइकता का" वर आली. नायकीण असताना नाव घ्यायला कुणाची चोरी नव्हती, आता ती बायको होती. त्या "अहो"चा तिला केवढा ताठा होता म्हणून सांगू!

माझं लग्न अकोल्याच्या एका माळ्याशी झालं. भाजीबाजारात आमची बसायची जागा होती. तिथं एका सोनाराच्या दुकानात, मोडीच्या ढिगात, मला एक कट्यार दिसली. चांदीची मूठ, वर मोर, मोर एका डोळ्यानं आंधळा. तीच असेल असं मी शपथेवर सांगत नाही, एका डोळ्याचे मोर जगात आणखी असतील. पण मी हातातल्या पाटल्या उतरवून दिल्या आणि ती घेतली. घरी माझा नवरा म्हणाला, भाजी चिरायला एवढं महागाचं हत्यार? मी म्हटलं, हे हत्यार नाही, माझा मावसा आहे. केसरमावशीला कळवलं नाही. परागंदा नवरा सापडला तर पंच पुन्हा पारावर बसतील, ही भीती होती. मी त्याला पेटीच्या तळाशी कपड्यांखाली ठेवून दिला.

उकर्डा गेला तेव्हा निरोप आला. मी निघताना पेटी उघडली आणि फडक्यात गुंडाळून तो सोबत घेतला. पोचले तेव्हा अंगणात बाया जमल्या होत्या, पाटलीण वाकलेली, काठी टेकत, पण आवाज तोच. प्रेत नेलं होतं. रीतीप्रमाणं बायांनी आता केसरमावशीचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. पण कुणी पुढं होत नव्हतं. पाटलीण तिला समजावत होती, "केसर, तुले गरज नाही वं. तुहा पहिला जिता हाये कुठीतरी. तू सवाष्णच हायेस. राहू दे बांगड्या." तिच्या आवाजात माया होती आणि लेकीजावयांची भीतीही होती. मी फडकं सोडलं. मला वाटलं होतं मी तिला वाचवतेय. पांढऱ्या कपाळानं राहणं म्हणजे काय ते मी बाजारात रोज बघत होते, सकाळी तोंड बघितलं की लोक वाट बदलत.

केसरमावशीनं कट्यार हातात घेतली. मोराच्या फुटक्या डोळ्यावरून अंगठा फिरवला. "हाच काय तो?" म्हणाली. "चांगला हाये दिसाले." आणि परत माझ्या हातात दिली.

"माय, ठेव ना," मी म्हटलं. "याच्यामुळं तुले..."

"यानं कधी माह्या भाजीले नाव ठेवलं काय गोदे?" ती म्हणाली. "मी बायको कोनाची होती ते मले ठाव नाही काय? बायकोले जे जे भेटते ते सारं म्या घेतलं त्याच्याकडून. हे एक राहिलं, ते बी मलेच घेऊ दे."

ती उठली, चौकटीशी गेली, आणि दोन्ही हात चौकटीवर आपटले. बांगड्या फुटल्या. रक्त आलं. पाटलिणीनं स्वतःच्या गळ्यातली पोत मुठीत घट्ट धरली. केसरमावशीनं पालथ्या हातानं कपाळाचं कुंकू पुसलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं, मोठ्यानं, पारापर्यंत ऐकू जाईल असं, "उकर्डा!"

पाटलिणीच्या जावयांना काही झालं नाही, दोघंही पुष्कळ जगले आणि पुष्कळ प्यायले. कट्यार मी अकोल्याला परत आणली. हल्ली माझी सून तिनं टरबूज चिरते.